पंकजाच्या लाल गाडीचं पॉलिश

मच्छिंद्रनं फरशी घासली की तिच्यात आपलं तोंड दिसतं, हे अख्ख्या सोनईला ठाऊक होतं. तीस वर्षं गड्यानं दुसरं काही केलं नव्हतं. देवळाचा सभामंडप घ्या नाहीतर कुणाचा नवा बंगला घ्या, मशीन फिरलं ते ह्याचंच. त्यामुळं बायकोनं जुनी लाल गाडी घेतली आणि "हिला जरा चमकवायची हाय" म्हणाली, तेव्हा तो मनातल्या मनात हसला. दगड आपलं ऐकतो, मग पत्र्याची काय टाप!

गाडी पंकजानं पार्लरच्या कमाईतून घेतली होती. लायसनही काढलं होतं. फक्त रंग उन्हानं पार विटून गेलेला. बॉनेटवर हात फिरवला की तळहात लाल व्हायचा. येत्या रविवारी ती स्वतः चालवत काष्टीला माहेरी जाणार होती. तिथली थोरली भावजय, राहीबाई, दिवाळीत चारचौघींत म्हणाली होती, "जुनी गाडी म्हंजी दुसऱ्याच्या घरचं दुखणं, बाई." पंकजाला ते लई झोंबलं होतं. राहीबाईला बोलायला जागाच राहू नये, अशी गाडी तिला त्या दारात उभी करायची होती.

मंगळवारी सकाळी पंकजा घराच्या पुढच्या खोलीतल्या पार्लरात गेली. इकडं मच्छिंद्रनं अंगणात गाडी धुतली न धुतली आणि पायऱ्यांचे कोपरे घासायचं हातमशीन काढलं. त्याला लोकरीचं चाक बसवलं, रबिंगचा मलम थापला आणि दिलं चालू करून. चाकावर लाल चिखल यायला लागला. झालं! फरशीच्या धंद्यात चिखल निघाला की समजायचं, काम होतंय. गड्यानं आणखी जोर लावला. बघता बघता बॉनेटच्या उंचवट्यावर रुपयाएवढा पांढरा ठिपका उघडा पडला.

त्यानं मशीन बंद केलं. फडक्यानं पुसून पाहिलं, थुंकी लावून पाहिलं. रंगच गेला होता, पुसणार काय कपाळ?

मशीनचा आवाज थांबला म्हणून पंकजा बाहेर आली, आणि ठिपका बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काय केलंत हो हे! फरशीला पोट असतं, कितीबी घासा. ह्याला नुसती कातडी हाय. कातडीला कुणी मशीन लावतं व्हय?"

मच्छिंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षांत कुणाचा दगड बिघडवला नाही, आणि बिघडवली ती बायकोची गाडी.

"मशीनला आता शिवत न्हाई," तो म्हणाला. "हातानं घासतो सगळी."

पंकजानं डोळे पुसले आणि त्याचे तळवे उलटे करून पाहिले. भेगा, घट्टे, नखांत सिमेंट. "हे हात न्हाईत, पॉलिश पेपर हाय. आनखी ओरखडे पडतील. चला आत."

आत म्हणजे पार्लरात! दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी, आणि ह्यानं उभ्या जन्मात तो उंबरा ओलांडला नव्हता. तोंडाला लेप लावून बसलेली शमशादभाभी अशी हसली की लेपाला तडे गेले. पंकजानं त्याचे हात कोमट पाण्यात बुडवले, नखं कापली, भेगा घासल्या, वर मलई चोळली. त्याला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तिनं आपला हात एवढा वेळ धरल्याचं त्याला आठवेना.

मग रोज दुपारी लिंबाच्या सावलीत दोघं गाडीला भिडले. आधी शाम्पू, मग हातानं रबिंग, मग पॉलिश, शेवटी वॅक्स.

"दाबू नका. बोटं गोल फिरवा. गालाला लावताय असं समजा."

"कुनाच्या गालाला?"

"गप बसा, रस्त्यानं लोकं जात्यात!"

शनिवारी गाडी अशी झाली की तिच्या दारांत अख्खा लिंब दिसायला लागला. मच्छिंद्रला फरशीवर कधी झाला नव्हता एवढा आनंद झाला. पण मेला ठिपका! बाकीची गाडी जसजशी उजळली, तसतसा तो जास्तच डोळ्यांत खुपायला लागला. पेंटर बुधवारशिवाय वेळ देईना.

"पुढच्या रविवारी जाऊ," मच्छिंद्र खाली मान घालून म्हणाला. "माझ्यापायी तुला तिथं ऐकून घ्यायला नको."

 पंकजा घरात गेली, खिडकीच्या गजांना लावायच्या काळ्या रंगाचा डबा आणि पार्लरातला बारीक ब्रश घेऊन आली. नवरीच्या गालाला लावतात तशी तिनं त्या ठिपक्यावर गोल, नेटकी तीट काढली.

"एवढी नटवली, मग दिष्ट नको लागायला," ती म्हणाली. "उद्याच जायचं."

रविवारी काष्टीला गाडी दारात उभी राहिली. राहीबाईनं गाडीभोवती एक फेरी मारली. चाकं बघितली, दारं बघितली, काचा बघितल्या. बॉनेटपाशी तिचं बोट थांबलं.

"हे काळं काय गं?"

"तीट हाय, वयनी. ह्यांनी पाच दिवस हातानं घासून काढलीय गाडी."

राहीबाईनं एकदा मच्छिंद्रकडं पाहिलं, एकदा गाडीकडं. "दाजी, आमच्या घरच्यांना सायकल पुसायचं जिवावर येतं," ती म्हणाली. मग पदर सावरून पुढं झाली, बॉनेटवरून दोन्ही हात उतरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली.