टेबल नंबर चारची कैफियत

मित्रांनो, माणसाची लाज आजवर दोघांनीच राखली आहे. एक परमेश्वराने आणि एक मी. परमेश्वराचं सध्या कसं चाललं आहे ते मला ठाऊक नाही. माझ्या डोक्यावर मात्र एक काच आहे, काचेवर कोल्ड कॉफीचा ग्लास आहे आणि मला सगळे ‘टेबल नंबर चार’ म्हणतात.

खरं तर मी एक जुनी, पायाने चालवायची शिवणाची मशीन आहे. वसईतल्या होळी गावच्या प्रिस्काला तिच्या वडिलांनी मला लग्नात दिलं. त्या काळी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला मुलींनी घालायचा पांढरा झगा शिवावा तर प्रिस्कानेच. दारात आयांची रांग लागे. “झालर जरा दाट घाल गो, माझ्या जावेच्या मुलीपेक्षा!” प्रिस्का दाट घाली. मग जाऊ येई आणि तिच्या मुलीची त्याहून दाट होई. या चढाओढीत माझी कंबर गेली. पण कौतुक होतं. कौतुक चालू असताना कंबर दुखत नाही, ती नंतर दुखते.

पुढे तयार झगे दुकानात मिळू लागले. माझ्यावर चादर आली आणि चादरीवर केळ्यांचे घड आले. केळी पिकली की निघून जात. मी पिकूनही तिथेच.

मग प्रिस्काची मुलगी इनेझ आणि तिचा कॉलेजातला मित्र, माणिकपूरचा सिद्धेश, यांनी नोकऱ्या सोडून भुईगावच्या किनाऱ्याजवळ दुकान काढलं. पुढे कॉफी, मागे कपडे. कॉफी पिता पिता माणूस शर्ट घेईल, अशी योजना होती. माणसं शर्ट बघता बघता कॉफी पीत आणि घरी जात. सिद्धेशच्या बाबांनी बजावलं होतं, “नाताळपर्यंत बघ. नाही जमलं तर गुपचूप नोकरी धर.” शिवायला विजेची नवी मशीन होती. मला शोभेसाठी आणलं. म्हटलं, बरं झालं, आता विश्रांती.

एके दिवशी गॉडफ्रे अंकल आले. लग्नात वाजवणाऱ्या बँडचे ते मास्तर. “आमच्या पोरांना एकसारखे शर्ट पायजेल,” ते म्हणाले. “चांगले झाले तर सगळ्या वसईला दिसतील. वाईट झाले तरी दिसतील.”

दुकानाचं भवितव्य या शर्टांवर होतं. इनेझने उरलेल्या कॉफीच्या चोथ्यात कापड रंगवलं. रंग सुरेख आला. पण वाळत घालायचं कुठे? सिद्धेश किनाऱ्यावर जाऊन आला तो नाचतच. “अगं, तिकडे बांबूचे एवढे लांब स्टँड रिकामेच आहेत यार!”

रिकामे होतेच. कोळ्यांनी सुके बोंबील त्याच सकाळी उतरवले होते. माणिकपूरच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या मुलाला हे कोण सांगणार? इनेझला सर्दी होती आणि सिद्धेशच्या नाकात कॉफी भरलेली. शर्ट शिवून, घड्या घालून तयार झाले.

गॉडफ्रे अंकलनी एक शर्ट नाकाशी नेला. “इनेझ बाय, नवरीच्या मागे बँड चालतो. तुझ्या शर्टांनी बँडच्या मागे मांजरं चालतील.”

“अंकल, धुऊन देतो ना,” सिद्धेश म्हणाला.

“धू आणि तळ. लग्न रविवारी आहे. नवे दे, नाहीतर राहू दे.”

पांढरं कापड आणलं. पण नवी मशीन खाऱ्या हवेने गंजली होती, ती तिसऱ्याच शर्टाला बसली. प्रिस्काला बोलावणं गेलं. माझी काच निघाली. प्रिस्काने चाक फिरवून पाहिलं. “इतके दिवस हिला काय पाजलंत रे?”

“कॉफी,” सिद्धेश खरं बोलला.

मशीनचं तेल दुकानात नव्हतं. सिद्धेशने आपल्या डोक्याला लावायचं खोबरेल माझ्यात ओतलं.

“अरे मेल्या, केस वाढवायचेत काय तिचे?” प्रिस्का ओरडली. पण उशीर झाला होता.

मित्रांनो, मी चालले. प्रिस्काचे गुडघे आणि माझी चाकं एकाच सुरात कण्हत होती. ढोलवाल्या आग्नेलच्या शर्टाची एक बाही तेवढी उरली. रविवारी पहाटे गारठा पडला, खोबरेल गोठलं आणि मी जागच्या जागी थिजले.

आग्नेल दुकानात पडलेला बोंबलाच्या वासाचाच शर्ट घालून सगळ्यांच्या मागे ढोल बडवत गेला. त्याच्या मागे खरंच मांजरं होती. वऱ्हाडी मात्र नाक दाबून विचारत होते, “काय रंग आहे रे! कुठून आणलास?” त्याच आठवड्यात चार बँडांची मागणी आली, त्याच कॉफीच्या रंगाची. कापड आता सिद्धेशच्या बाबांच्या परवानगीने माणिकपूरच्या गच्चीवर वाळतं. नोकरीचा विषय निघत नाही. ज्या पांढऱ्या शर्टांसाठी मी झिजले, ते कुणाच्या लक्षातही नाहीत.

माझ्यावर मात्र त्याच रविवारी दुपारी काच परत आली. खोबरेल आत चिकट होऊन बसलं आहे. चाक हलत नाही.

जुन्या वस्तूंना जपा, त्यांच्या कष्टांना विसरू नका, असं मोठं काहीतरी मी शेवटी सांगणार होते. पण आता दम नाही. कुणी इकडे आलातच, तर माझ्यासाठी मशीनच्या तेलाची छोटी बाटली आणा. सिद्धेशला पाठवू नका.