कोष्टकातला सूर्यास्त

दुपारी तीनला फोन वाजला की मांगीलालजींच्या घरात समुद्र यायचा. वाशीमसारख्या गावात समुद्र यायला दुसरी वाटच नाही. गुहागरहून नातू अर्हम फोन करायचा, आणि आडवे पडलेले मांगीलालजी स्पीकर लावून, फोन छातीशी धरून खाटेवर उठून बसायचे. धापूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन थांबायच्या. मग दिवसभराच्या बातम्या. वाऱ्याने भोजनालयाचे समुद्राकडच्या बाजूचे दोन पत्रे उडाले. कोल्हापूरच्या बसमधली बेचाळीस माणसं दाल-बाटीवर तुटून पडली. शेजारच्या मासळीच्या हॉटेलातला कुत्रा मासे सोडून आपल्याकडे वरणभात खायला येतो. ही शेवटची बातमी मांगीलालजी आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम विचारून घेत.

भोजनालय त्यांनीच काढलेलं. चौतीस वर्षांपूर्वी हा माणूस बायको-मुलांना घेऊन समुद्र बघायला गेला, तीन दिवस केळी आणि शेंगदाण्यांवर काढले, आणि परत येताना एसटीतच जाहीर केलं की इथे आपल्या माणसांना जेवायला काही नाही, तेव्हा आपणच काढू. किराणा दुकान भावाच्या हवाली केलं आणि निघाले. वाशीमात लोक हसले. पण पाच वर्षांत भोजनालयाबाहेर बाकं टाकावी लागली. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि एक नियम असा की ज्याने सगळा किनारा चकित व्हायचा: सूर्यास्ताला चूल बंद. जैनांत चौविहार पाळतात, म्हणजे दिवस मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. स्वतः पाळावा, ते ठीक. मांगीलालजींनी तो गिऱ्हाइकांनाही लावला. सगळ्या हॉटेलांत जेव्हा दिवे लागायचे तेव्हा आमचे सेठ भट्टी विझवायचे.

सूर्यास्त कधी, हे ते ठरवायचे कोष्टकावरून. दर दिवाळीत वाशीमच्या मंदिरातून छापील कोष्टक निघायचं, वर्षभराचे सूर्योदय-सूर्यास्त मिनिटावार लिहिलेले. भाऊ ते पोस्टाने पाठवायचा. गल्ल्यामागच्या भिंतीवर ते लागायचं आणि त्याच्याशेजारी घड्याळ. कुणी म्हणालं, सेठ, सूर्य तर अजून वर आहे, तर मांगीलालजींचं उत्तर ठरलेलं असे. म्हणत, पाण्यामुळे तो वर दिसतो, फसायचं नाही. इतक्या ठामपणे म्हणत की विचारणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत उठून जायचा.

सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, समुद्राची दमट हवा सोसेना, म्हणून ते आणि धापूबाई वाशीमला परतले. भोजनालय मुलाकडे, पारसकडे आलं. आणि आता पारसचा बावीस वर्षांचा अर्हम हाताशी आला होता.

त्या दिवशी, जानेवारीतला बुधवार होता, अर्हमने पत्र्यांची बातमी दिली, कुत्र्याची दिली, आणि मग जरा अडखळला.

"दादाजी, एक सांगू? रागावू नका. मी ते कोष्टक काढून टाकलं."

"काहून?"

"ते वाशीमचं आहे. आपण इथं पश्चिमेला आहोत ना. इथं सूर्य उशिरा मावळतो. उन्हाळ्यात दहा-बारा मिनिटं, थंडीत वीस. मी महिनाभर रोज उभं राहून पाहिलं. पाण्याने वरबीर काही दिसत नाही. आपण इतकी वर्षं दिवस असतानाच चूल विझवत होतो."

अर्हमला वाटलं फोन कटला. त्याने दोनदा हॅलो म्हटलं. मांगीलालजींनी फोन खाटेवर ठेवला, बोलतं तोंड वर करून, आणि भिंतीकडे बघत बसले.

त्यांना चंदना आठवली होती. खरं तर आठवायला तिला ते कधी विसरलेच नव्हते.

चंदना त्यांची धाकटी मुलगी. वाशीमला काकाकडे राहून कॉलेज करत होती, तिथेच आसेगावच्या शालिग्राम पाटलांच्या पवनशी तिने लग्न केलं, नोंदणी कचेरीत, कुणाला न विचारता. वर्षभर बाप-लेकीत बोलणं नव्हतं. मग एका मार्गशीर्षात ती अचानक गुहागरला आली. तिला सहावा महिना होता. दोन दिवसांचा प्रवास, बदललेल्या तीन गाड्या. पवन बॅग घेऊन माडाखाली उभा राहिला, आणि ती एकटी आत आली. तिने ना माफी मागितली ना भांडण काढलं. गल्ल्यासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "बाबूजी, भूक लागली."

मांगीलालजींनी मान वळवून कोष्टक पाहिलं. पाच त्रेचाळीस. घड्याळात पाच पन्नास.

"चूल बंद झाली," ते म्हणाले.

चंदनाने दाराबाहेर पाहिलं. मग कोष्टकाकडे पाहिलं. मग बापाकडे. आणि गेली. धापूबाई मागून भांडं हातात घेऊन धावत आल्या तोवर दोघं वळणापलीकडे गेली होती. त्याला चौदा वर्षं झाली. धापूबाई वाशीमला परतल्यापासून राजरोस आसेगावला जाऊन येत, नातीला लोकरीचे मोजे विणून नेत. मांगीलालजी गेले नाहीत. तिने यावं म्हणून त्यांचं वाट पाहणं चालू होतं.

आता त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र उजेड आला. "ऐकलं का?" ते म्हणाले. "कोष्टकच चुकीचं होतं. माझी चूक नोयती. मी नियमानं चाललो, कोष्टकानं फसवलं. हे चंदनेले सांगतलं पायजे."

धापूबाई उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. पंचावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला फार वेळा अडवलं नव्हतं.

"कोष्टक चुकलं," त्या म्हणाल्या. "अन् डोये? ते कोठी गेले होते तुमचे?"

मांगीलालजींनी कानाडोळा केला. टोपी घातली, काठी घेतली, पिशवीत जुन्या वहीत जपलेलं त्या वर्षाचं कोष्टक टाकलं. पुरावा सोबत असावा, अशी त्यांची जुनी सवय. "मी येते," धापूबाई म्हणाल्या. "नोको," ते म्हणाले, "हे माझं हाय."

साडेतीनची एसटी मिळाली. ते खिडकीशी बसले आणि बोलायचं काय ते मनात जुळवू लागले. बेटा, गुहागर पश्चिमेला आहे. बेटा, वीस मिनिटांचा फरक पडतो. असं नुसतं भूगोलाच्या मास्तरासारखं. ते चार वेळा म्हणून पाहिलं आणि चारही वेळा त्यांना ते चांगलं वाटलं. मग एका फाट्यावर तुरीच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली रस्त्यात आडवी झाली. पोती उचलेपर्यंत गाडी पाऊण तास उभी. दोन्हीकडे कापलेल्या तुरीची शेतं, आणि डावीकडे सूर्य खाली खाली. माणसाला पाऊण तास गप्प बसवलं की तो मनातही खोटं फार वेळ बोलू शकत नाही. तिसऱ्या पोत्यापर्यंत भूगोल टिकला. पुढे त्यांना दिसायला लागलं ते गल्ल्यामागचं कोष्टक, त्यावरचे बारीक छापील आकडे, आणि त्या आकड्यांवर दारातून आलेलं पिवळं ऊन. आकडे त्यांनी त्या उन्हातच वाचले होते. एरवी चष्म्याशिवाय ते त्यांना वाचता येत नसत, आणि त्या दिवशी चष्मा गल्ल्यात होता.

त्यांनी पिशवी घट्ट धरली. गाडी सुरू झाली.

आसेगावात उतरले तेव्हा सूर्य बाभळींच्या शेंड्यांवर आला होता. पाटलांचं घर विचारावं लागलं नाही, एक तेरा-चौदा वर्षांची पोरगी सायकल घेऊन समोरच उभी होती आणि तिचं कपाळ हुबेहूब धापूबाईंचं होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. आजीच्या फोनवर तिने त्यांचा फोटो पाहिला असणार.

"वैजयंती ना तू?"

"हो. तुमी वाशीमचे आबा." आणि सायकल तशीच सोडून ती आत पळाली.

अंगणात चंदनाची सासू तुळसाबाई ताट वाढत होती. एकच ताट. ज्वारीची भाकर, बिनकांद्याचं पिठलं, वरून तेलाची धार. चंदना पाटावर बसलेली, हात धुऊन. तिने बापाला पाहिलं आणि उठू लागली.

"बस, बस," तुळसाबाई म्हणाली. "दिवस चालला तुह्या जेवनाचा. या भाऊ. बसा. तुमालेही वाढते, तुमचंही असंच असन."

मांगीलालजी उभेच राहिले. "मंजी... ही चौविहार पाळते?"

"या घरात आली त्या दिवसापासून," तुळसाबाई सांगू लागली. तिला वाटलं बापाला ऐकून बरं वाटेल. "आमी म्हटलं, पाळ माय, आमचं काय जाते. हिचं ताट पह्यले वाढतो, बाकीचे मंग. पोटुशी होती तवाही नाई सोडलं. तुमच्याकडून समुद्रावरून आली होती ना, तवा तर पूरा दिवस अन् पूरी रात उपाशी. पवन्या सांगे, बिस्किटाचा पुडा हातात देल्ला तर म्हने दिवस बुडला आता. दुसऱ्या दिवशी कोठी स्टँडवर..."

"आई," चंदना म्हणाली. तुळसाबाई थांबली.

मांगीलालजींनी अंगणातला खांब धरला. माडाखालून ती दोघं चालत एसटी स्टँडवर गेली असतील, आणि त्या वाटेवर, कोष्टकातला नव्हे, खरा दिवस मावळला असेल. त्यांनी तिला नियम सांगून हाकललं होतं, आणि तो नियम तिने त्यांच्यापेक्षा जास्त पाळला होता. पिशवीतला कागद त्यांना एकदम किळसवाणा वाटला.

"बाबूजी, बसा ना," चंदना म्हणाली. तिचा आवाज राग काढण्याइतकाही जवळचा नव्हता. पाहुण्याशी बोलावं तसं ती बोलली.

"मी कोष्टक घेऊन आलो होतो," ते म्हणाले. "तुले दाखवाले. ते वाशीमचं हाय, गुहागरले वीस मिन्टं चुकते. अर्हमनं आज सांगतलं."

"माहीत हाय मले," चंदना म्हणाली. "तवाच माहीत होतं. सूर्य समोर होता."

"हो," मांगीलालजी म्हणाले. "मलेही दिसत होता."

वैजयंती आईकडे आणि आजोबांकडे आळीपाळीने बघत होती. तुळसाबाईने वाढायची पळी खाली ठेवली.

"मी रागात होतो चंदना. कोष्टकाचं निमित्त झालं. त्याच्यावर उन्ह पडलं होतं, त्या उन्हात मी वाचलं अन् तुले म्हटलं चूल बंद झाली. भट्टीत कोयसेही लाल होते. चौदा वर्षं मी सोताले सांगतो का मी नियम पायला. मी खोटं बोललो. पोटात लेकरू होतं तुह्या."

चंदनाने मान खाली घातली. भाकरीचा तुकडा तिने मोडला होता, तो तिच्या हातातच राहिला. मग तिच्या गालावरून पाणी ओघळून ताटात पडायला लागलं.

मांगीलालजींनी बाभळींकडे पाहिलं. तांबडी कडा तेवढी उरली होती. ते बोलण्यात वेळ घालवत होते आणि पोरगी पुन्हा त्यांच्यापायीच उपाशी राहणार होती. हे लक्षात येताच म्हातारा काठी टाकून अंगणाच्या टोकाला गेला, गुडघे विसरून, आणि पश्चिमेला तोंड करून उभा राहिला.

"जेव," ते म्हणाले. "हाय अजून. मी पाह्यतो. तू जेव."

"तुमी?"

"माह्यं उद्या. तू आधी."

चंदनाने घास घेतला. मग दुसरा. मांगीलालजी मागे न बघता दर घासाला सांगत होते, "हाय. हाय अजून." गावातल्या मंदिरात कुणीतरी घंटा वाजवली. गुरं परत आली. पलीकडच्या घरात बल्ब लागला. बाभळींच्या मागे आता राखाडी रंग होता, आणि चंदनाच्या ताटात अर्धी भाकर.

वैजयंती आजोबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. टाचा उंचावून तिने पाहिलं.

"आबा," ती म्हणाली, "बुडला तो."

साठ वर्षं मिनिटाचाही हिशेब न चुकवलेल्या माणसाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाई बेटा," ते म्हणाले. "तुले दिसत नसन. मले दिसून राह्यला."

मागे चंदनाचा हात थांबला. अंगणात अंधार उतरला होता आणि तिला सगळं कळत होतं. सासरी आल्यापासून तिने एकदाही दिवसाची मर्यादा ओलांडली नव्हती. तिने बापाच्या पाठीकडे पाहिलं. त्यांचं तोंड अजून पश्चिमेकडेच होतं.

चंदनाने भाकर मोडली, पिठल्याला लावली, आणि खाल्ली.