काकूचं बारीक लक्ष

उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री, दुर्गाघाटाजवळच्या त्या मराठी घरात देवश्रीचं कौतुक सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचं आणि वैदेहीच्या पोटात त्याच वेळी दुखायला लागायचं. पुतणीचं कौतुक ऐकून काकूच्या पोटात का दुखावं, असं विचारणाऱ्यांनी एकदा एका स्वयंपाकघरात दोन जावांचा संसार करून बघावा. देवश्री थोरल्या जावेची, लतिकाची मुलगी, वय वर्षं नऊ. सई वैदेहीची, तिच्याहून वर्षानं मोठी. सई शाळेत पहिल्या पाचांत यायची, अक्षर मोत्यासारखं, पण घरात त्याला कोण विचारतंय? या घरात विद्या कानानं घ्यायची आणि तोंडानं द्यायची. सासरे, म्हणजे आबा, पिढीजात वेदपाठी. संध्याकाळी ते दोघी नातींना स्तोत्रांची संथा द्यायचे. एक ओळ ते म्हणणार, तीच मुलींनी दोनदा म्हणायची. सईला जिथे चार दिवस लागायचे तिथे देवश्री एका बैठकीत मोकळी. मग आबा मान डोलवत म्हणायचे, पोर एकपाठी आहे. वैदेहीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शाळेत देवश्रीचे मार्क यथातथाच. पण त्याचं कुणाला काही नव्हतं. लतिका म्हणायची, बुद्धी आहे हो, नुसता आळस. आबा म्हणायचे, शाळेच्या त्या परच्यांत, प्रश्नपत्रिकांत काय ठेवलंय? झालं, विषय मिटला.

पण वैदेहीची नजर त्या पोरीवर होती, मांजराची दुधावर असते तशी. श्रावणातल्या एका दुपारी देवश्री पोथी मांडीवर घेऊन खणखणीत आवाजात म्हणत बसली होती. स्तोत्र निम्म्यावर आलं तरी पोथी आपली पहिल्याच पानावर उघडी. वैदेहीनं कढईखालचा गॅस बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं पोरीला आठवण झाली असावी, तिनं दोन-तीन पानं एकदम उलटली. म्हणण्यात मात्र काना-मात्रेचा फरक नाही. अगं बाई, वैदेही मनात म्हणाली, ही वाचत नाहीये!

त्या दिवसापासून तिला उद्योगच मिळाला. देवश्रीच्या शाळेच्या कॉपीत, म्हणजे वहीत, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला. फळ्यावरून उतरवलेलं अर्ध्यातच तुटलेलं. परीक्षेच्या दिवशी न चुकता पोट दुखणार. गल्लीत कुणी पाटी वाच म्हटलं की हिला तहान लागणार. एकदा तर वैदेहीनं चोरून पाहिलं, पोर धड्याच्या पुस्तकावर बोट ठेवून एका ओळीशी झगडत होती. ओठ हलत होते, पुन्हा मागे येत होती, पुन्हा सुरू करत होती, कपाळावर घाम आला होता. आळशी माणूस असा घाम गाळत नाही, हे वैदेहीला तेव्हाच कळलं. कळलं, आणि तिनं ते गिळलं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

ब्रह्माघाटावर मराठी मंडळींचा गणेशोत्सव होतो. त्यातल्या पाठांतराच्या स्पर्धेत दरवर्षी बक्षीस देवश्रीचं ठरलेलं. मंडळाचं सगळं बघणारे शरदकाका बँकेतून निवृत्त झालेले, साधे गृहस्थ. त्यांच्या बैठकीत वैदेही गेली आणि गोड आवाजात म्हणाली की पाठांतर काय, पोपटही करतो. या वर्षी प्रत्येक मुलाला न पाहिलेला मराठी उतारा वाचायला देऊ. आपल्या गल्ल्यांत मराठी वाचणारं एक तरी पोर उरलंय का, कळू दे. शरदकाका गहिवरले. मातृभाषेची एवढी कळकळ असलेली सून मोहल्ल्यात दुसरी नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. लतिकानंही मान डोलावली. पाच पानी स्तोत्र म्हणणाऱ्या पोरीला एका कागदाची काय मातब्बरी!

वैदेही त्या रात्री शांत झोपली.

स्पर्धेच्या संध्याकाळी सईनं उतारा सुरेख वाचला. टाळ्या पडल्या, वैदेहीनं पदर सारखा केला. मग देवश्रीचं नाव पुकारलं. नवं परकर-पोलकं, केसांत गजरा. शरदकाकांनी कागद हातात दिला. पोरीनं तो उंच धरला, त्यावर नजर रोखली आणि सुरू झाली. खडा सूर, स्वच्छ उच्चार. पण ती मागच्या वर्षीचं स्तोत्र म्हणत होती.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. शरदकाका हळूच म्हणाले की बेटा, कागदावरचं वाच. देवश्री थांबली. तिनं कागद आणखी उंच धरला. तेवढ्यात वैदेहीशेजारची सई ताडकन उठली आणि मंचाकडे निघाली. वैदेहीनं तिचं मनगट पकडून तिला खाली बसवलं. सईनं हात सोडवायला पाहिलं, वैदेहीनं सोडला नाही. मंचावर देवश्री तशीच उभी, सगळा मांडव तिच्याकडे बघतोय. शेवटी लतिकाच वर गेली, पोरीला दंडाला धरून खाली आणलं आणि सगळ्यांदेखत पाठीत धपाटा घातला. एवढा आळस, एवढा आळस, असं ती पुनःपुन्हा म्हणत राहिली.

घरी आल्यावर देवश्रीचे वडील मोहन यांनी निकाल दिला. वाचायला येईपर्यंत संथा बंद, गाणं बंद, आबांपाशी बसणं बंद. त्या पाठांतरानंच पोर बिघडली. आबांनी पोथी फडक्यात बांधून ठेवली. मांडवात न रडलेली देवश्री तेव्हा रडली, तेही आवाज न करता.

वैदेहीच्या ताटात मोदक होता. महिनाभर जे मनात मांडे खाल्ले ते आज पानात पडले होते, आणि तिनं ताट बाजूला सारलं. आवाज बंद केला की या पोरीकडे उरलं काय? आणि तिला आळशी म्हणतात ते साफ खोटं आहे, हे या घरात एकट्या वैदेहीला माहीत होतं.

"ती आळशी नाहीये, वहिनी," ती म्हणाली. "तिला अक्षरं जुळवता येत नाहीत. ती फार मेहनत करते, तरी येत नाहीत."

लतिका फणकारली. माझ्या मुलीचं मला माहीत नाही ते तुला कसं माहीत? मग वैदेहीनं एकेक सांगितलं. पोथीचं पान, कॉपीतला शब्द, पोटदुखी, तहान, कपाळावरचा घाम. एवढं सगळं ठाऊक असून वाचायची स्पर्धा कुणी मागितली, हे सुदैवानं कुणी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोघी जावा देवश्रीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, लंका नावाच्या मोहल्ल्यात गेल्या, मैदागिनच्या चौकापर्यंत चालत, पुढे टोटो रिक्षानं. तिथे एक बाई अशा मुलांची तपासणी करतात. त्यांनी आधी आईला विचारलं की मूल नेमकं कुठे अडतं. लतिका वैदेहीकडे बघायला लागली. मग उत्तरं वैदेहीच देत राहिली. बाईंनी देवश्रीला दुपारभर पारखलं आणि सांगितलं, याला डिस्लेक्सिया म्हणतात. हा आजार नाही, आळस तर नाहीच. डोकं तल्लख आहे, त्या जोरावर तिनं इतकी वर्षं लपवलं. अक्षर आणि आवाज यांची सांगड तिला सावकाश, वेगळ्या पद्धतीनं शिकवायची. परीक्षेत जास्त वेळ आणि प्रश्न वाचून दाखवणारं माणूस शाळेकडे मागायचं. आणि पाठांतर मुळीच थांबवायचं नाही.

मग बाई वैदेहीकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "इतकं बारीक लक्ष आईसुद्धा देत नाही. फार जीव दिसतो तुमचा हिच्यावर."

लतिकानं तिथेच वैदेहीचा हात धरला आणि परतीच्या टोटोत मैदागिन येईपर्यंत सोडला नाही. तू नसतीस तर मी पोरीला मारूनच टाकलं असतं, म्हणत रडत होती. वैदेही बाहेर बघत होती. मत्सर काय, असा एका दुपारीत उठून जातो होय? आता देवश्रीला वेगळी बाई येणार, जास्त वेळ मिळणार, घर पुन्हा तिच्याभोवतीच फिरणार, हे तिच्या मनात येऊन गेलंच. पण कुणी आपल्याला एवढं चांगलं म्हटल्याला किती वर्षं झाली होती! घरी पोचेपर्यंत तिचाही त्यावर थोडा थोडा विश्वास बसला.

सई गच्चीत होती. वैदेहीनं तिला सगळं सांगितलं, बाई काय म्हणाल्या तेही. सई म्हणाली की आपल्याला हे दोन वर्षांपासून माहीत आहे. रोज दुपारी इथे गच्चीत तीच देवश्रीला धडे वाचून दाखवते, देवश्री ऐकून पाठ करते. स्पर्धेच्या दिवशीही ती तो उतारा देवश्रीच्या कानात वाचायलाच उठली होती.

"अगं मग मला का नाही सांगितलंस?" वैदेही म्हणाली. "दोन वर्षं वाया गेली पोरीची."

सईनं आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"तुला आनंद झाला असता, आई," ती म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं."