कोरडी पाठ

सॅक घ्यायला आईला सोबत नेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. तरी नेलं. न नेता घेतली असती तर तिनं ती चुलीत घातली असती.

वनरक्षकाच्या भरतीत माझी निवड झाली होती. सोमवारी सातपुड्यात ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं आणि पुढचे कित्येक महिने डोंगर तुडवायचे होते. पावसात न फाटणारी, काट्याकुट्यात टिकणारी सॅक हवी होती. आईचं म्हणणं, पत्र्याची पेटी ने. जंगलात पत्र्याची पेटी! "हातात धर," म्हणाली. "पाठीवर काही घेशीन त माह्या मढ्यावरून जाशीन." आमच्या घरात मढ्यावरून जाण्याची धमकी मिठासारखी वापरली जाते, पण या वेळी तिचा आवाज वेगळा होता. तिनं नाही म्हटलं तर मी जाणार नव्हते, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

कारण माझा भाऊ इंद्रभान. आमच्या वडनेरात तो रोजानं फवारणी करायचा. बीटी कपाशीला अळी लागत नाही, असं बियाणंवाले छातीठोकपणे सांगत. मग आधी तुडतुडे आले, मग गुलाबी अळी आली, आणि फवारणीला माणूस मिळेना झाला. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत इंद्रा पाठीवर पंप घेऊन शिरायचा. पंपाचं टोपण गळकं होतं. गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर फवारणीचं औषध अंगात भिनून तो अकोल्याच्या दवाखान्यात वारला. मी तेव्हा बुलढाण्याला होस्टेलवर अभ्यास करत होते. पोचले ती रडायलाच.

तेव्हापासून आईला मागून आवाज येतो. अर्धा भरलेला पंप पाठीवर हिंदकळतो ना, तसा. डुबुक, डुबुक. ती चुलीपाशी बसली की येतो, निंदायला वाकली की येतो. संध्याकाळी ती ओट्याजवळ पाण्याची बादली ठेवते आणि अंधाराकडे पाहून म्हणते, "आंग धुवून घे रे बाप्पा, मंग आत ये."

मला याची भीती वाटायची आणि तितकाच रागही यायचा. एकदा मी म्हटलं, "आई, जित्तेपनी दहादा सांगतल्याबिगर ज्यानं पाय धुतले नाही, तो आता येऊन धुईन का?" ती हसलीसुद्धा. सकाळी बादली अर्धी होती. कुत्रं पिऊन गेलं असेल, असं मी मोठ्यानं म्हटलं. मनातल्या मनात म्हणायची हिंमत झाली नाही.

खामगावात हबीबचाचांचं दुकान आहे. ते ताडपत्री आणि कॅनव्हासच्या सॅक स्वतः शिवतात. पंपांचे तुटलेले पट्टेही आमच्या गावचे लोक त्यांच्याकडूनच शिवून घेतात. मी एका सॅकची चेन मागेपुढे करून पाहत होते.

"बेटा, चेन काय पाहून राह्यली? चेन कधीबी बदलता येते. पट्टा जिथं शिवला तिथं पाह्य. सॅक मरते ते तिथूनच."

त्यांनी एक हिरवी सॅक पुढे केली. दुहेरी शिलाई, रुंद पट्टे, आणि पाठीला टेकते त्या बाजूला बोटभर जाडीचा फोम. मला ती बघताक्षणी आवडली. आईनं फोमवर हात ठेवला आणि विस्तवाला लागावा तसा मागे घेतला.

"हे नोको."

"काऊन?"

"मऊ हाये."

"आई, मऊच पाहिजे! पाठ सोलून निघीन माही."

"सोलून निघू दे," ती म्हणाली. पाठीला काहीच अस्तर नसलेली एक दरिद्री पोतडी तिनं उचलली. "हे घे. टनक हाये."

मी दुकानातच तिच्यावर खेकसले. सख्ख्या लेकीची पाठ सोलून निघू दे म्हणणारी आई मी पहिल्यांदाच पाहत होते. चाचांनी हिरवी सॅक माझ्या हातात दिली. "झगडा नंतर करा. आधी चालून या."

रिकामी सॅक ते कुणालाच विकत नाहीत. आत पाण्याची कॅन घालतात, अर्धीच भरलेली, आणि गिऱ्हाइकाला रस्त्याच्या टोकापर्यंत पिटाळतात. धान्य एका जागी बसतं, पाणी बसत नाही, शिलाईची खरी परीक्षा पाणीच घेतं, असं त्यांचं म्हणणं.

मी निघाले. चौथ्या-पाचव्या पावलाला मागून आवाज आला.

डुबुक. डुबुक.

कॅनचा आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मान वळली. मागे भर दुपारचा बाजार, कांद्याची गाडी, दोन बाया. मी पुढे चालू लागले आणि मणक्यावरून काहीतरी गार खाली उतरलं. चालताना मला पक्कं वाटत होतं की माझ्या पावलावर पाऊल टाकून कुणीतरी चालतंय. थांबले की तेही थांबायचं. मी जवळजवळ पळतच परत आले आणि सॅक दाखवायला चाचांकडे पाठ केली.

"इंद्रा! उतरव ते!"

आईची किंकाळी ऐकून अख्खा रस्ता थबकला. कॅनचं टोपण सैल राहिलं होतं. सॅकचा फोम भिजला होता, माझी पाठ भिजली होती. आईनं पट्टे ओरबाडून काढले आणि पदरानं माझी पाठ खसाखसा पुसू लागली. "इंद्रा, इंद्रा" म्हणत. मी शारदा आहे, हे तिला दिसतच नव्हतं.

मग ती खालीच बसली.

"तो म्हने, आई, पंप रुतते पाठीले. मंग म्या जुन्या गोधडीची घडी शिवून देल्ली. चांगली जाड. रोज पंपाखाली मीच बांधून देत होती. मले काय मालूम, सारं औषध ते घडीच पिऊन राह्यली? दिवसभर ओलं लेकराच्या पाठीले चिपकून. डॉक्टरनं सदरा काढला, त पाठीवर चौकोन होता. लाल. माह्या शिलाईएवढा."

हे ती मला पहिल्यांदा सांगत होती. कदाचित कुणालाही पहिल्यांदाच. मला तिचा भयंकर राग आला, आणि तिला छातीशी धरावं असंही वाटलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

चाचांनी कात्री उचलली. "बाई, फोम काढून देऊ का?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या, चाचा," मी म्हटलं. "वाळवून द्या. मऊच पाहिजे मले." पाठीची काळजी होतीच. पण पोराला रुतू नये म्हणून गोधडी शिवणं हा गुन्हा होता, हे मला फोम कापून कबूल करायचं नव्हतं. आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

सोमवारी फाट्यावर एसटीची वाट पाहत आम्ही उन्हात उभ्या होतो. मी सॅक चढवली होती. आईनं सॅक आणि माझ्या पाठीच्या मधे हात सरकवला. ओला निघाला. तिचा चेहरा उतरला.

"घाम हाये, आई."

तिनं तळवा नाकाशी नेला. एकदा हुंगला, डोळे मिटून पुन्हा हुंगला. एसटी येऊन उभी राहिली, कंडक्टर ओरडू लागला, पण मी पाय उचलला नाही. ती घरी चल म्हणाली असती तर मी गेले असते.

"घामच होय," आई म्हणाली. तळवा लुगड्याला न पुसता तिनं मूठ मिटली. "जाय, माय."