काखेतली गाठ

काखेत गाठ म्हणजे मरण, यावर जाईबाईशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. ती लहान असताना मुंबईत प्लेगने घरंच्या घरं ओस पाडली, त्यात तिचा थोरला भाऊ कोंडीराम गेला, तो काखेत लिंबाएवढी गाठ घेऊनच. म्युनिसिपालिटीची माणसं उचलून प्लेगच्या इस्पितळात नेतील म्हणून आईने त्याला पोत्यांमागे लपवलं होतं. शेवटी बिब्बा तापवून गाठीला डागही दिला. पोर किंचाळलं, आणि गेलं ते गेलंच.

त्यामुळे परळच्या चाळीत नातीला न्हाऊ घालताना, शैलाच्या डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ बोटांना लागली, तेव्हा जाईबाईच्या हातातला तांब्याच निसटला. पोरीचं अंगही कढत होतं.

घरात विचारायला कुणी नव्हतं. मुलगा राजाराम संयुक्त महाराष्ट्रासाठी सीमेवर सत्याग्रहाला गेला होता आणि तिकडेच तुरुंगात होता. सून कांता दिवसपाळीला गिरणीत गेलेली. शहरात देवीची साथ होती, म्हणून गेल्या आठवड्यात म्युनिसिपालिटीचा चिंतामणी येऊन चाळीतल्या सगळ्या पोरांच्या दंडावर लस टोचून देवी काढून गेला होता. शैलाच्या दंडावर टपोरा फोड आला होता, त्याचं जाईबाईला काही नव्हतं. पण दंडाचा आणि काखेचा संबंध काय?

शेजारीण मागे एकदा म्हणाली होती, "दीक्षा घेतलीस आणि देव्हाऱ्यातली देवी दादरच्या समुद्रात सोडलीस. ती गप बसंल व्हय?" तेव्हा जाईबाईने तिला चांगलं फैलावर घेतलं होतं. आज तेच बोलणं आठवलं, आणि आठवलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे बघून ती म्हणाली, "देवीबिवी काय न्हाई. गाठ हाय, अन् गाठीचं मी बघते." तिने चिमणी पेटवली, बिब्ब्यात सुई खुपसली आणि तो ज्योतीवर धरला.

तेवढ्यात गॅलरीत हाक आली. "फोड बघायला आलोय. पोरांना बाहेर आणा." चिंतामणीच तो.

जाईबाईने आपल्या आईने केलं होतं तेच केलं. शैलाला उचलून पोटमाळ्यावर चढवलं, अंगावर गोधडी टाकली आणि दार अडवून उभी राहिली.

"शैला कुठाय, आजी?"

"गावाला गेली. मामाकडं."

"फोड ओला असताना?"

"मामाला लई आठवण आली."

चिंतामणी मान हलवून वळणार, तोच वरून आवाज आला, "आजी, मला उकडतंय."

चिंतामणी हसला नाही. जळक्या बिब्ब्याचा वास त्याच्या नाकात शिरला होता. "हे कुणासाठी?" त्याने विचारलं, आणि जाईबाईचं सगळं अवसान गळालं.

"नेऊ नका तिला. गाठ आलीया काखेत. तुमच्या पाया पडते."

त्याने शैलाला खाली उतरवलं, मांडीवर बसवलं, दंडावरचा फोड पाहिला आणि काख हलकेच चाचपली. त्याचा चेहरा खुलला. "झकास. लस लागली."

"अवो, गाठ आलीया म्हनते मी."

"म्हणून तर झकास. लशीतून आपण एक दुबळा विषाणू दंडात सोडतो, देवीच्याच नात्यातला. अंगात पाण्यासारखा एक रस बारीक नळ्यांतून वाहत असतो. दंडातला रस काखेतल्या ग्रंथींत येतो, आणि त्याच्याबरोबर हा पाहुणाही. तिथे शिपाई बसलेले असतात. ते त्याला अडवतात, पुढे अंगभर पसरू देत नाहीत. त्याला ओळखून ठेवतात आणि स्वतःची संख्या वाढवतात. गर्दी झाली की ग्रंथी सुजते, दुखते. उद्या खरी देवी आली, तर हेच शिपाई तिला ओळखून अडवतील."

जाईबाईने जन्म गिरणीत काढला होता. ती हळूच म्हणाली, "म्हंजी संपातलं गेट. संपफोडे आत घुसाया आले की आपली मान्सं गोळा व्हत्यात."

"तसंच. आणि तुम्ही त्या आपल्या माणसांनाच डाग द्यायला निघाला होतात."

जाईबाईने फुंकर मारून चिमणी विझवली. चिंतामणी उठून चपला घालू लागला, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या भावाला पन आली व्हती. पिलेगात."

तो थांबला. "तो रोग वेगळा, आजी, त्याचे जंतू वेगळे. तेव्हा त्यावर औषधही नव्हतं. पण गाठ तिथेही तुमच्या भावाच्याच बाजूची होती. शिपाई कमी पडले. गेट तुटलं."

तो गेल्यावर जाईबाई उंबऱ्यात बसून राहिली. इतकी वर्षं तिने त्या गाठीला शिव्याशाप दिले होते. जेवढी म्हणून ताकद कोंडीच्या अंगात होती, ती सगळी त्या लिंबाएवढ्या जागेत एकवटली होती, आणि त्यावरच आईने मायेपोटी बिब्बा ठेवला होता. जाईबाईला आईची दया आली, भावाची आली, आणि पोटभर रडून तिला बरंही वाटलं.

संध्याकाळी कांता कामावरून आली. पोरीला जवळ घेताना तिचा हात काखेत गेला आणि ती पांढरीफटक पडली. "आत्याबाई, हे काय?"

"दाबू नगंस," जाईबाई म्हणाली. "आपलीच मान्सं हायेत ती." मग भाकरीचं पीठ मळता मळता, स्वतःशीच बोलल्यासारखं, ती पुढे म्हणाली, "कोंडीची पन आपलीच व्हती."