फुलाचा रंग

वाळलेली झाडं कागदावर चिकटवायची, हे माझं एकोणतीस वर्षांचं काम. बोटांना डिंक आणि मानेला कळ, एवढीच कमाई. फूल वाळलं की रंग उडतो, म्हणून तोडल्या जागीच तो चिठ्ठीवर लिहायचा. हा नियम मला दादाने शिकवला. आमच्या वनस्पती संशोधन संस्थेसाठी डोंगर पालथे घालून झाडं आणणारा माझा थोरला भाऊ. आणि नेमकी त्याच्याच शेवटच्या चिठ्ठीत रंगाची ओळ कोरी!

झुडूप वांग्याच्या कुळातलं, ढगात बुडालेल्या जंगलातलं. पानांवरसुद्धा काटे, फळं वाटाण्याएवढी. चार वर्षं कपाटात पडून होतं. परवा आमच्या शास्त्रज्ञ मॅडमनी भिंगाखाली घेतलं आणि म्हणाल्या, "फूल जांभळं असेल तर हे झाड नवीन. तुमच्या दादांचंच नाव देऊ. पांढरं असेल तर जुनंच. विचारून या." दुसरं आणायची सोय नव्हती, तो अख्खा उतार दरडीखाली गेला होता.

जन्मभर दादाने झाडं आणली आणि नावं लागली खुर्चीत बसणाऱ्यांची. एक तरी त्याचं व्हावं, असं मला फार वाटत होतं. माझा हात तर जांभळं लिहायला शिवशिवत होता.

संध्याकाळी त्याच्याकडे गेले. तो गुडघे शेकत बसला होता.

"दादा, त्या काटेरी झुडपाचं फूल जांभळं होतं ना रे?"

"कोण जाणे."

"अरे, तुझं नाव लागतंय झाडाला! तू नुसती मान हलव, लिहिते मी."

तो शेकाची पिशवी दाबत राहिला. मग म्हणाला, "मी वर पोचलोच नव्हतो गं. अर्ध्या वाटेत गुडघ्यांनी दगा दिला. एक बाई लाकडं घेऊन उतरत होती. तिला म्हटलं, वर काटेरी झुडूप दिसलं तर फांदी आण. मोळी टाकून बिचारी परत चढली. खाली येईपर्यंत फुलं काळी पडली होती."

मला त्याचा राग आला, आणि त्याची कीवही आली. गोळा करणारा म्हणून त्याचं नाव त्या कागदावर मीच चिकटवलं होतं.

"मग तिलाच विचारू," मी म्हटलं. "तिने फूल पाहिलंय. झाडालाही तिचंच नाव देऊ. काय नाव तिचं?"

दादाने पिशवी खाली ठेवली.

"तिने माझं विचारलं होतं," तो म्हणाला. "मी तिचं नाही विचारलं."