घोट्याची पकड

"केतन, मनालीची पकड कुठंय? शेवटची, घोट्याची. तिच्यावरच तर मॅच काढली यार पोरींनी!"

केतननं स्क्रीनवरची नजरही हलवली नाही. "सॉफ्टवेअरनं नाही उचलली रे. तिथं रिप्ले नाही ना."

धम्मपाल केतनच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. साकीनाक्याच्या या ऑफिसात सामन्यांमधले ठळक क्षण कापून चॅनलला द्यायचे, हेच धम्मपालनं उमेदीची सगळी वर्षं केलं होतं. मग सॉफ्टवेअर आलं आणि त्याला शिकवायचं कामही ह्याच्याच गळ्यात पडलं. जो पोटावर पाय देणार, त्यालाच हात धरून गिरवायला लावायचं! तरी त्यानं मन लावून शिकवलं. जिथं रिप्ले, तिथं काहीतरी मोठं घडलेलं असतं. तेवढं उचल, बाकीचं सोड. शिकवलं ते पुरुषांच्या सामन्यांवर. तिथं कॅमेऱ्यांची रेलचेल, खेळाडूनं नुसता घाम पुसला तरी रिप्ले येतो. पोरींच्या सामन्याला एकच कॅमेरा लावतात आणि रिप्लेची तसदी कुणी घेत नाही. सख्खी लेक मनाली कबड्डी खेळते, अन् बापाच्या हे ध्यानात येऊ नये, याला काय म्हणावं!

"मी टाकतो हातानं. चुटकीसरशी होईल."

"हातानं टाकणं बंद केलंय वरून. आणि गेलं पण ते चॅनलला. सॉरी यार."

बोरीवलीच्या घरात संध्याकाळी टीव्हीसमोर शेजारपाजार जमला होता. धम्मपालची आई सोनूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढंच बसली होती. गुडघ्यांपायी म्हातारीला मैदानावर जाता आलं नव्हतं, नातीचा खेळ ती आज पहिल्यांदा बघणार होती. पोरी नाचताना दिसल्या, चषक दिसला. मनालीची पाठ तेवढी दिसली. शेजारी चहा संपवून एकेक करून उठले.

"पप्पा, माझीच पकड कापली?"

"मी नाही गं. मशीननं कापली."

"मशीनला तुम्हीच शिकवलंत ना? सगळ्यांना सांगत फिरत होतात."

धम्मपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोनूबाईला यातलं काहीच उमगलं नव्हतं. "त्या पोरीला धरलंस तरी कसं गं? मला दाव की," ती म्हणाली.

मनाली जागची हलली नाही. मग धम्मपालच उठला. पँट वर दुमडली, फरशीची रेघ ओलांडली आणि "कबड्डी, कबड्डी" म्हणत लेकीवर चालून गेला. मनालीनं झेप घेऊन त्याचा घोटा धरला. फार जोरात धरला, सामन्यात धरला असेल त्याहून जोरात. तो पालथा पडला.

"आगं बया! पुन्हा दाव," सोनूबाई म्हणाली.

धम्मपाल उठला आणि लंगडत रेघेपलीकडे जाऊन उभा राहिला.